थंडीत टिकणारा फड्या निवडुंग अंगणात लावण्याविषयी

गारगोटी (मध्य न्यू जर्सी)

न्यू जर्सीत दर हिवाळ्यात पारा उणे १५ अंशांच्या आसपास उतरतो, अंगणात आठ-आठ दिवस बर्फ साचून राहतो, आणि तरीही फड्या निवडुंग इथे उघड्यावर, थेट जमिनीत, बारा महिने जगतो, हे सांगितले की ओळखीतल्या मराठी मंडळींचा चटकन विश्वास बसत नाही. या चर्चामंचावर कुंडीतल्या झाडांच्या धाग्यावर (त्या विषयावरच्या चर्चेत) याबाबत बरेच प्रश्न आले होते. तिथे विषयांतर नको म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. खिडकीत ठेवायच्या शोभेच्या कॅक्टसविषयी इथे काही नाही. सगळे लिहिणे अंगणातल्या लागवडीविषयी आहे.

पहिला मुद्दा जातीचा, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. मेक्सिकन दुकानांत 'नोपाल' या नावाने भाजीसाठी जे मोठे फडे (पानांसारखे दिसणारे जाड, चपटे भाग) मिळतात, ते ओपन्शिया फायकस-इंडिका या जातीचे असतात. ओपन्शिया हे फड्या निवडुंगाचे शास्त्रीय नाव. ते लावले तर उन्हाळ्यात झपाट्याने वाढतात आणि पहिल्याच कडक हिवाळ्यात संपतात. उणे १० अंशांपलीकडची थंडी त्यांना सोसत नाही. आपल्याला हवी ती जात इथलीच आहे. ओपन्शिया ह्युमिफ्युसा ही पूर्व किनाऱ्यावरची मूळची वनस्पती असून दक्षिण न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधल्या वाळूत, सँडी हूकच्या समुद्रकाठच्या टेकाडांवर, लाँग आयलंडवर आणि पार मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडपर्यंत ती रानात आपोआप वाढते. ती उंच होत नाही. गुडघ्याच्याही खाली, जमिनीलगत पसरत जाते, तळहाताएवढे फडे धरते आणि जूनमध्ये पिवळ्याधमक फुलांनी भरून जाते. मध्यावर लालसर झाक असलेले फूल दिसले, तर ते झाड बहुधा ओपन्शिया सेस्पिटोसा या जवळच्या जातीचे असते. अलीकडच्या वर्गीकरणात ती वेगळी काढली आहे, पण नर्सऱ्यांतून दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. बागेच्या दृष्टीने दोन्हींची निगा सारखीच आहे.

दुसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे झाड थंडीने क्वचितच मरते. ते मरते हिवाळ्यातल्या ओलीने. आमच्याकडे वर्षाला साधारण ११५ सेंटीमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यापेक्षा बराच जास्त, आणि तो चार महिन्यांत संपत नाही. डिसेंबर-जानेवारीतही पडत राहतो. सप्टेंबरनंतर दिवस लहान होऊ लागले की फडे आपल्यातले पाणी कमी करू लागतात, पेशींतील साखरेचे प्रमाण वाढवतात, आणि त्यांतला चिकट बुळबुळीत द्रव उरलेले पाणी धरून ठेवतो. त्यामुळे पुढे बर्फ तयार झालाच तर तो पेशींच्या आत न होता पेशींच्या मधल्या जागेत होतो आणि पेशी फुटत नाहीत. ही सगळी तयारी कोरडे होण्यावर उभी आहे. मुळांपाशी पाणी साचून राहिले, तर झाडाची ही तयारी अर्धवट राहते आणि मग कुजण्याला बुडापासून सुरुवात होते.

म्हणून खरी मेहनत वाफ्यावर करावी लागते. आमच्या भागातली माती तांबडी, चिकण आहे. अशा मातीत खड्डा खणून त्यात वाळू भरणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण आजूबाजूचे सारे पाणी त्या खड्ड्यात उतरते आणि मुळे हौदात उभी केल्यासारखी होतात. वाफा जमिनीच्या वर, निदान ३० ते ४० सेंटीमीटर उंच करावा आणि त्याला एका बाजूला उतार द्यावा. दोन भाग भरड वाळू व बारीक खडी आणि एक भाग साधी माती, असे मिश्रण मला चांगले वाटते. वाळू काँक्रीटसाठी वापरतात ती, खरखरीत हवी. मुलांच्या खेळासाठी विकतात ती मऊ वाळू चिकण मातीत मिसळली की पाणी मुरणे थांबते आणि माती विटेसारखी घट्ट बसते. शेणखत, कंपोस्ट, पीट यांपैकी काहीही घालू नये. वर चार-पाच सेंटीमीटर खडीचा थर द्यावा, म्हणजे आडवे पडलेले फडे ओल्या मातीला टेकत नाहीत. लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन इथे सर्वत्र वापरतात, पण या वाफ्यावर ते अजिबात नको.

जागा दक्षिणेकडची, दिवसाला निदान सहा तास ऊन मिळेल अशी निवडावी. छपराच्या पन्हाळीचे पाणी जिथे पडते, तिथून ती दूर असावी, आणि छपरावरचा बर्फ घसरून जिथे कोसळतो तिथूनही.

लागवड छाटापासून करणे सर्वांत सोपे. मे अखेरीस एक निरोगी, मागच्या वर्षीचा फडा सांध्यापाशी कापावा आणि सावलीत आठ-दहा दिवस कोरडा पडू द्यावा. कापलेल्या कडेवर टणक, पांढुरकी खपली धरली की तो दोन-तीन बोटे खोल उभा रोवावा किंवा खडीवर नुसता आडवा ठेवावा. आडव्या ठेवलेल्या फड्यालाही खालच्या बाजूने मुळे फुटतात. पहिले दहा-पंधरा दिवस पाणी देऊ नये. त्यानंतर पहिल्या उन्हाळ्यात माती पूर्ण सुकली की द्यावे, आणि सप्टेंबरपासून बंद करावे. बियांपासूनही झाड होते, पण बियांचे कवच अतिशय टणक असते, त्यांना ओलसर थंडीत ठेवावे लागते, आणि तरीही उगवायला कधी कधी वर्ष उलटते.

ज्यांनी इतर राज्यांत किंवा कॅनडात लागवड केली आहे, त्यांनी आपल्या हवामानासह अवश्य लिहावे.

तिफण (डेन्व्हर, कोलोरॅडो)

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडचे चित्र तुमच्यापेक्षा पुष्कळ वेगळे आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

डेन्व्हरला वर्षाला सुमारे ३६ सेंटीमीटर पाऊस आणि बर्फ मिळून पाणी पडते. त्यामुळे ओलीचा त्रास आम्हाला जवळजवळ नाही. साध्या मातीतही निवडुंग चांगला वाढतो. मी वाफा हातभर उंच न करता फक्त थोडा उतार दिला आहे. आमच्या बाजूची मूळची जात ओपन्शिया पॉलिअकँथा. तिच्यावर काटे इतके दाट असतात की फड्याचा हिरवा रंग मुश्किलीने दिसतो, आणि फुलांचे रंग पिवळ्यापासून गडद गुलाबीपर्यंत बदलतात. ज्यांना या झाडांची खरी विविधता पाहायची आहे, त्यांनी जूनच्या सुरुवातीला डेन्व्हर बोटॅनिक गार्डन्समध्ये जरूर जावे. कोरडवाहू बागेचा विचार त्या संस्थेने इतक्या गांभीर्याने केला आहे की शहरातल्या अनेक घरांपुढची हिरवळ निघून तिथे खडी आणि निवडुंग आले, यात तिचा मोठा वाटा आहे असे मला वाटते.

आमचा धोका वेगळा आहे, तो अवेळी येणाऱ्या थंडीचा. तुम्ही लिहिले आहे तशी झाडाची तयारी आठवडे घेत, दिवस लहान होत जातील तशी होत असते. २०१४ च्या नोव्हेंबरात उबदार दिवसांनंतर दोन-तीन दिवसांतच पारा उणे २५ अंशांपर्यंत कोसळला होता. अशा वेळी जानेवारीत तीच थंडी सहज सोसणारे झाडही मार खाते. यावर आपल्या हाती एवढेच आहे की ऑगस्टनंतर खत आणि पाणी देऊन कोवळी वाढ चेतवू नये. नत्र जास्त मिळालेला फडा जाड, रसरशीत आणि देखणा होतो, आणि थंडीत तोच सर्वांत आधी जातो.

दुसरे म्हणजे नुसत्या जातीच्या नावावर विसंबू नये. ओपन्शिया पॉलिअकँथा कॅनडाच्या सस्कॅचेवानमध्येही वाढते आणि न्यू मेक्सिकोतही वाढते. दक्षिणेकडच्या उबदार दरीतून आलेल्या झाडाची संतती उत्तरेत तेवढी थंडी सोसेलच असे नाही. नर्सरीत विचारायचा प्रश्न 'ही कोणती जात' एवढाच नसावा. 'याचे मूळ झाड कुठले' हेही विचारावे. चांगला नर्सरीवाला त्याचे उत्तर देतो.

ओंजळ (सिअॅटल परिसर, वॉशिंग्टन)

दोन्ही प्रतिसाद वाचून आमच्या भागाची अडचण नेमकी समजली. आमच्याकडे थंडी तुमच्या दोघांपेक्षा सौम्य असते. पारा उणे पाचच्या खाली फार वेळा जात नाही. मात्र ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पाऊस थांबतच नाही आणि उन्हाळा कोरडा जातो, म्हणजे निवडुंगाला जे हवे त्याच्या अगदी उलट. शेजारच्यांनी दिलेले ह्युमिफ्युसाचे फडे आमच्या वाफ्यात फेब्रुवारीपर्यंत तपकिरी होऊन मऊ पडतात. आमच्यासारख्यांनी हा नाद सोडून द्यावा का?

गारगोटी

ओंजळ, मुळीच सोडू नका. तुमच्याच राज्यात सॅन वॉन बेटांवर ओपन्शिया फ्रॅजिलिस रानात वाढते. ऑलिंपिक पर्वताच्या पर्जन्यछायेमुळे त्या बेटांवर सिअॅटलपेक्षा बराच कमी पाऊस पडतो आणि तिथल्या खडकाळ, दक्षिणाभिमुख उतारांवर पाणी ठरत नाही. आपल्याकडे सातारा-वाईचा पूर्व भाग महाबळेश्वराच्या आड जसा कोरडा राहतो, तसाच हा प्रकार आहे. या जातीचे फडे लहान, फुगीर, अंगठ्याएवढे असतात. कॅक्टस कुळात उत्तरेकडे सर्वांत लांब पोहोचलेली हीच जात आहे. कॅनडातल्या पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत ती आढळते. त्यामुळे थंडीचा प्रश्न तुमच्याकडे उरतच नाही.

राहिला पाऊस. घराच्या दक्षिण भिंतीलगत, छपराच्या पुढे आलेल्या वळचणीखाली जी कोरडी पट्टी असते, ती तुमच्यासाठी सर्वोत्तम जागा. इतर झाडे तिथे वाळतात, म्हणून ती सहसा रिकामीच असते. तशी जागा नसेल तर ऑक्टोबर ते मार्च वाफ्यावर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा तिरका बसवावा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. प्लॅस्टिक गुंडाळून किंवा वरून बंद करून झाड झाकू नये; आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. वाफ्यात माती जवळजवळ नकोच, निव्वळ खडी आणि भरड वाळू यांत थोडी मिसळली तरी पुरे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. फ्रॅजिलिसचे फडे नुसत्या स्पर्शाने निखळतात आणि बुटाला, पँटला, कुत्र्याच्या केसांना चिकटून जातात. निसर्गात या जातीचा प्रसार बराचसा जनावरांच्या अंगाला चिकटूनच होतो. घरात कुत्रे असेल तर वाफा त्याच्या वाटेवर नको.

सांजवेळ (मिसिसॉगा, ओंटारिओ)

मी अनेक वर्षे हे झाड लावले आहे आणि माझ्या मनात त्याच्याविषयी कुतूहलापेक्षा आदर अधिक आहे. ओंटारिओत ह्युमिफ्युसाच्या गटातला फड्या निवडुंग नैसर्गिकपणे फक्त एरी सरोवराच्या काठी, पॉइंट पिली राष्ट्रीय उद्यानात आणि जवळच्या पिली बेटावर उरला आहे. तिथे पाहिले तर सरोवराच्या वाळूवर, मोकळ्या गवताळ जागेत त्याची लहान लहान बेटे दिसतात. त्याला थंडीचा धोका नाही. त्याला धोका आहे तो सावलीचा. मोकळ्या जागेत हळूहळू झुडपे आणि मग झाडे वाढतात, ऊन अडते, फुले कमी येतात आणि निवडुंग मागे हटतो. म्हणून उद्यानाकडून मोकळ्या माळाच्या पट्ट्यांत वाढणारी झुडपे काढली जातात.

हे सांगण्याचे कारण असे की घरच्या बागेतही हेच घडते. आपण वाफा नीट करतो, निचरा सांभाळतो, आणि चार-पाच वर्षांनी शेजारचा मेपल मोठा झाला की निवडुंगावर दुपारी तीननंतर ऊनच येत नाही. फडे लांबट, पातळ होऊ लागले आणि फुले कमी झाली, तर पाण्याचा किंवा खताचा विचार करण्यापूर्वी मान वर करून आभाळ किती दिसते ते पाहावे.

आमच्याकडे रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. यंत्राने उडवलेला रस्त्यावरचा बर्फ मिठासकट वाफ्यावर पडतो. आभाळातून पडलेला स्वच्छ बर्फ झाडाला पांघरूणासारखा चांगला असतो, पण हा मिठाचा बर्फ काढून टाकावा.

आणि कृपा करून रानातून कोणी फडे तोडून आणू नयेत. राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढणे बेकायदेशीर आहेच, शिवाय मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यातही ही जात धोक्यात असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. देशी वनस्पतींच्या नर्सरीत रोपे सहज मिळतात, आणि ज्याच्या बागेत हे झाड आहे त्याच्याकडे दरवर्षी छाटलेले फडे उरतातच.

कृष्णाकाठ (सातारा)

चर्चा अत्यंत वाचनीय झाली आहे. माझे दोन प्रश्न आहेत. आमच्या मळ्याच्या बांधावर जुन्या कुंपणाचा फड्या निवडुंग आहे, त्याला लाल बोंडे येतात. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. पुढच्या वेळी जाताना त्याचे दोन फडे कोरडे करून नेले तर तिच्या अंगणात लागतील का? दुसरा प्रश्न असा की तुम्ही लिहिता त्या थंडीच्या जाती आमच्याकडे लावण्यासारख्या आहेत का?

गारगोटी

काका, फडे नेऊ नका, असे आग्रहाने सांगतो. थोडे अपवाद वगळता संपूर्ण कॅक्टस कुळ साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे जिवंत झाड सहसा परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. त्याशिवाय अमेरिकेत जिवंत रोप नेण्यासाठी रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते. विमानतळावर ते जप्त होतील आणि मुलीला उगीच त्रास होईल. आणि समजा पोहोचले, तरी दख्खनच्या बांधावरची जात इथला एक जानेवारीही काढणार नाही. मुलीला दक्षिण न्यू जर्सीतल्या एखाद्या देशी वनस्पतींच्या नर्सरीत पाठवा. तिथे तिला इथल्याच मातीतले रोप मिळेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही नाही असेच आहे. या जातींना हिवाळ्याची लांब, थंड विश्रांती लागते, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यातली उबदार ओल त्यांना सोसवत नाही. तुमच्याकडे काही नवे लावायचेच असेल तर बिनकाट्याच्या निवडुंगाकडे पाहा. उरळीकांचनच्या बायफ संस्थेने कोरडवाहू भागात जनावरांचा चारा म्हणून त्यावर काम केले आहे, आणि उन्हाळ्यात ओला चारा मिळणे किती अवघड असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिफण

कृष्णाकाठ, झाडे देशांतरी नेण्याबाबत थोडी भर घालतो, कारण या झाडाचा भारतातला इतिहास हाच मोठा धडा आहे. ओपन्शियाची एकही जात मूळची भारतातली नाही. १७९५ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा समजून ब्राझीलहून एक किडा भारतात आणला गेला. तो रंगासाठी हवा होता तो नव्हे, त्याचा एक जातभाई निघाला, आणि त्याने ओपन्शिया मोनाकँथा ही जात देशाच्या मोठ्या भागातून जवळजवळ पुसून टाकली. पुढे दुसऱ्या जातींचा निवडुंग शेतांत आणि गायरानांत माजला, तेव्हा १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा मुद्दाम आणावा लागला.

हाच कोचिनील आमच्या बागांतही येतो. फड्यावर कापसाचे बारीक पुंजके दिसले तर काडीने एक चिरडून पाहावा. गडद किरमिजी रंग लागला की ओळख पटली. थोडे असतील तर पाण्याचा जोरदार फवारा आणि जुना दातघासणीचा ब्रश पुरतो. उन्हाळ्याच्या सकाळी हे केले तर फडे लगेच वाळतात.

फ्लोरिडा, जॉर्जिया किंवा कॅरोलायना राज्यांत राहणाऱ्यांनी आणखी एका किडीवर लक्ष ठेवावे. कॅक्टोब्लास्टिस हा अर्जेंटिनाकडचा पतंग. ऑस्ट्रेलियात निवडुंग आटोक्यात आणण्यासाठी तो १९२५ मध्ये मुद्दाम नेला गेला आणि त्याने तिथली लक्षावधी हेक्टर जमीन मोकळी केली. तोच पतंग १९८९ मध्ये फ्लोरिडात आढळला, आणि इथे निवडुंग देशी असल्यामुळे तो इथे संकट ठरला आहे. मादी अंडी एकावर एक रचून घालते, त्यांची बारीक, किंचित वाकडी काडी तयार होते आणि ती हुबेहूब काट्यासारखी दिसते. काटा जिथे नसावा तिथे दिसला, तर तो मोडून नीट पाहावा. अळ्या फड्याच्या आत शिरल्या की बाहेरून उपाय चालत नाही; तो फडा कापून नष्ट करावा.

केतकी (शिकागो परिसर, इलिनॉय)

आमच्या घरात दोन लहान मुले आहेत. नर्सरीत 'काटे नसलेला' असे लिहिलेले एक रोप पाहिले. ते मुलांच्या दृष्टीने सुरक्षित समजावे का? मुख्य म्हणजे कुसळे हातात गेली तर काय करावे?

तिफण

केतकी, 'काटे नसलेला' या शब्दांवर कृपया विश्वास ठेवू नका. लांब काटे दिसतात आणि म्हणून ते टाळता येतात. खरा त्रास असतो तो प्रत्येक ठिपक्यावर झुपक्याने असलेल्या बारीक, पिवळसर-तपकिरी कुसळांचा. त्यांना मागे वळलेली सूक्ष्म दाते असतात, त्यामुळे ती आत सहज जातात आणि बाहेर येताना मोडतात. ओपन्शिया बेसिलॅरिससारख्या जातीवर एकही लांब काटा नसतो, फडा मखमली निळसर दिसतो, मुलांना हात लावावासा वाटतोच, आणि कुसळे मात्र शेकड्यांनी असतात.

कामाला बसताना चामड्याचे हातमोजेही पुरत नाहीत, कारण कुसळे चामड्यात रुतून राहतात आणि पुढच्या वेळी मोजे घालताना आतून टोचतात. फडा उचलायला स्वयंपाकघरातला लांब चिमटा किंवा अनेक घड्या घातलेले वर्तमानपत्र वापरावे आणि ते नंतर फेकून द्यावे. हातात गेलीच तर त्या जागी चोळू नये आणि तोंडाने ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. जिभेत गेलेले कुसळ काढणे फार त्रासाचे. चांगल्या उजेडात आधी बारीक टोकाच्या चिमट्याने दिसतील तेवढी काढावीत. मग शाळेत वापरतात तो पांढरा डिंक पातळ लावावा, वर जाळीदार कापडाचा तुकडा ठेवावा, पूर्ण वाळू द्यावे आणि कापड एका दिशेने सोलावे. उरलेली बरीचशी त्याबरोबर येतात. डोळ्यापाशी गेले असेल तर घरी काही न करता थेट डॉक्टरकडे जावे. त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवावेत.

मुले अगदी लहान असतील तर वाफा वाटेपासून आणि चेंडू खेळायच्या जागेपासून दूर करावा. शक्य असेल तर ती थोडी मोठी होईपर्यंत थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओंजळ

गारगोटी, वळचणीखालच्या पट्टीत फ्रॅजिलिस आणि थोडी ह्युमिफ्युसा लावायचे ठरवले आहे. हिवाळ्यात झाड जिवंत आहे की गेले, हे ओळखायचे कसे?

गारगोटी

हा प्रश्न विचारलात हे चांगले झाले, कारण चांगली झाडे याच गैरसमजातून उपटली जातात. नोव्हेंबरपर्यंत ह्युमिफ्युसाचे फडे सुरकुततात, हिरवा रंग जाऊन जांभळट-तपकिरी होतात आणि उभे असलेले झाड चक्क जमिनीवर लोळण घेते. नवख्या माणसाला वाटते की झाड तहानेने मेले, आणि तो पाणी घालतो. पाणी घालू नका. काडीने दाबून पाहा: फडा चामड्यासारखा चिवट, टणक लागला तर तो उत्तम स्थितीत आहे. मऊ, पाणचट लागला, आरपार उजेड दिसू लागला किंवा बुडाशी काळा पडून वास येऊ लागला, तर तो कुजला आहे. तो निरोगी भागापर्यंत कापून काढावा. एप्रिल-मेमध्ये उबदार दिवस आले की तेच लोळलेले फडे पाणी शोषून पुन्हा ताठ होतात.

त्यानंतर फड्यांच्या कडेवर बारीक कोंब येतात. त्यांतला जो गोलसर, टोपीसारखा असतो तो कळी होतो, आणि जो चपटा असतो तो नवा फडा. नव्या फड्यावर टोकदार, मांसल, हिरवी पाने असतात, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, आणि काही आठवड्यांत ती गळून जातात. या झाडाची खरी पाने तेवढीच. आपण ज्याला पान म्हणतो ते सपाट खोड आहे.

फूल सकाळी उशिरा उघडते आणि बहुधा एकच दिवस टिकते; पण कळ्या एकामागून एक येत असल्याने बहर दोन-तीन आठवडे चालतो. उघडलेल्या फुलातल्या केसरांना काडीचे टोक हलकेच लावून पाहा. काही क्षणांत ते सगळे मिळून मध्याकडे वळू लागतात. माशी आत शिरली की हेच घडते आणि तिला परागांनी माखूनच बाहेर यावे लागते. कॅक्टसविषयी ज्यांना काडीचेही प्रेम नाही, अशा पाहुण्यांना मी जूनमध्ये हे दाखवतो, आणि त्यांतले बरेच जण फडा मागून नेतात.

केतकी

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मुले थोडी मोठी होईपर्यंत थांबणार आहे. तोवर वाफा तेवढा तयार करून ठेवावा म्हणते. त्यात आतापासूनच काय सांभाळायला हवे?

सांजवेळ

केतकी, तण. या झाडाच्या संगोपनात सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो आणि कोणी ते आधी सांगत नाही. फड्यांच्या जाळीत एकदा हरळीसारखे पसरणारे गवत शिरले की ते मुळासकट काढणे जवळजवळ अशक्य होते. हात घालता येत नाही, आणि ओढले तर फडे तुटतात. म्हणून झाड लावण्यापूर्वी एक पूर्ण उन्हाळा वाफा रिकामा ठेवावा, त्यात उगवेल ते तण मुळापासून काढावे, आणि कडेला हिरवळ असेल तर मध्ये विटांची किंवा पत्र्याची पट्टी जमिनीत उभी पुरावी, म्हणजे गवताची मुळे आत येत नाहीत. झाड मोठे झाल्यावर लांब चिमट्याने, पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना, तण लहान असतानाच काढत राहावे. शरद ऋतूत मेपलची पाने फड्यांमध्ये अडकून ओली होतात. तीही त्याच चिमट्याने, पहिला बर्फ पडण्यापूर्वी काढून टाकावीत.